वयाचा रकाना

माझ्या लॅबच्या रजिस्टरात वयाचा रकाना जेमतेम बोटभर रुंदीचा होता. वर छापलेलं असायचं, 'वय, वर्षे'. त्या बोटभर जागेत मी एकदा एक आकडा घाईघाईनं लिहिला आणि त्यापायी एका तान्ह्या लेकराच्या अंगावर कायमची कात्री चालली. त्या लेकराची आई मात्र पुढची कितीतरी वर्षं मला देवमाणूस समजत राहिली. तिला खरं सांगणं हे माझ्याकडून एकच काम राहिलेलं होतं आणि तेवढंच मी करत नव्हतो.

औंढ्याला देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर, नारळवाला आणि बांगड्यावाला यांच्या मध्ये दहा बाय बाराची माझी खोली. बाहेर पाटी, आत एक मायक्रोस्कोप, रक्त फिरवायचं यंत्र आणि एक फ्रिज. त्या फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात रसायनं आणि खालच्या कप्प्यात बायकोनं लावलेलं दही. हिमोग्लोबिन, मलेरिया, लघवी, शुगर एवढ्यावर माझं चालायचं. यापुढचं काही असेल तर रक्तातलं पाणी वेगळं काढायचं, बर्फाच्या थर्मासात घालून एसटीनं नांदेडला पाठवायचं, तिथून ते मुंबईच्या मोठ्या लॅबला जायचं. बर्फ मी कांडीच्या कारखान्यातून आणायचो. कारखान्याचे चाचा मला बघितलं की विचारायचे, "क्यों डॉक्टर, आज किसका खून ठंडा करना है?" मी डॉक्टर नव्हतो. पण कुणी म्हटलं तर नाही म्हणत नव्हतो.

माझा राग तेव्हा नाकाच्या शेंड्यावर असायचा. अजूनही आहे, पण आता गुडघे दुखतात म्हणून तो जरा बसून येतो. त्या काळी पेशंट समोर बसला की मला तीन गोष्टी हव्या असायच्या, नाव, गाव, वय. नाव-गाव लोक धड सांगायचे. वयाला आले की कथा सुरू. अमक्याच्या लग्नात मी दुसरीला होतो, मोठी विहीर खणली तेव्हा हिचा पाळणा झाला, असलं सगळं. मी म्हणायचो, "रामायण नको, आकडा सांगा." आकडा आला नाही तर मी तोंडाकडं बघून स्वतःच टाकून द्यायचो. मलेरियाचा जंतू पस्तिशीचा माणूस आहे की चाळिशीचा हे कुठं बघतो.

आणि पाळण्यातलं लेकरू आलं तर? रकाना वर्षांचा. शून्य लिहिलं तर हिशेबात चुकल्यासारखं दिसतं, 'साडेतीन महिने' लिहायला जागा पुरत नाही. म्हणून आमची एक पद्धत होती. वर्षाच्या आतलं जे काही असेल त्याला सरळ '१'. परभणीला मी ज्याच्या हाताखाली शिकलो त्यानं मला ही पद्धत शिकवली, त्याला कुणी शिकवली असेल देव जाणे. त्यात काही वावगं आहे असं आम्हा दोघांनाही कधी वाटलं नाही.

एक्याण्णव सालचा श्रावण होता. सोमवार. औंढ्यात श्रावणातल्या सोमवारी माणसाला पाय ठेवायला जागा नसते, आणि दर्शनाला आलेली माणसं आलोच आहोत तर रक्तही तपासून घेतात. माझ्या दारात लाईन लागलेली. त्या लाईनीत एक बाई तान्हं लेकरू छातीशी धरून उभी होती. शिरड शहापूरच्या बाजूची. बौद्धवाड्यातली, रोजानं निंदायला जाणारी, नवरा परभणीला गवंड्याच्या हाताखाली. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला दिसली ती फक्त तिच्या हातातली चिठ्ठी, कारण तिच्यावर नांदेडच्या सर्जनचं नाव छापलेलं होतं आणि खाली असं काही लिहिलेलं होतं जे मी तोवर पुस्तकातच वाचलं होतं, गाठ कॅन्सरची असेल तर रक्तात वाढणाऱ्या एका द्रव्याचं नाव. ए.एफ.पी.

"काय होतंय लेकराला?" मी विचारलं.

बाईनं आधी मागं लाईनीकडं पाहिलं, मग आवाज खाली आणला. "खालच्या अंगाला एका बाजूला सूज हाय, भाऊ. गोटी दगडावानी लागती हाताला. लोक म्हनले अंतर्गळ असंल, पानी भरलं असंल. तर नांदेडच्या डाक्टरनं खोलीत अंधार केला आन् बॅटरी लावून पाहिली. पानी असतं तर उजेड आरपार दिसला असता म्हनले. न्हाई दिसला."

"मग गाठ आहे म्हणाले?"

"व्हय. म्हनले, ह्या रक्तात आकडा बरा आला तर गाठ तेवढी काढीन, गोटी वाचवीन. वाढीव आला तर समदंच काढावं लागंल. रिपोर्टाला दहा-बारा दिस लागतेत, इथं कुठं ऱ्हाता, गावाजवळ रक्त द्या म्हनले. म्हनून तुमच्याकडं आले."

म्हणजे त्या रक्तावर काय अवलंबून आहे हे तिनं मला आधीच, स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. मला कुणी अंधारात ठेवलं नव्हतं. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं कितीतरी वेळा मी स्वतःशी तसा बहाणा करून पाहिला.

मी रजिस्टर ओढलं. नाव लिहिलं, गाव लिहिलं.

"वय?"

"जयंतीच्या आदल्या दिशी झालं," ती म्हणाली. "तेरा तारखेला, सांजच्याला. दुसऱ्या दिशी मिरवणूक, मला जाता आलं न्हाई, पडल्या पडल्या ढोल ऐकला. म्हंजे आता बघा," आणि ती लेकराच्या पाठीवरच्या हाताची बोटं मोजू लागली.

"बाई, वर्षं सांगा, वर्षं. बाहेर लाईन बघा किती आहे."

"वर्ष कुठलं, भाऊ. चार महिने सरले आन् वर हे थोडे दिस."

"वर्षाच्या आतलंच ना? मग झालं."

आणि मी '१' लिहिला. रजिस्टरात लिहिला, तोच मुंबईच्या फॉर्मवर लिहिला. फॉर्मवर तर वर्ष की महिने असं विचारणारी जागाच नव्हती. पण कोपऱ्यात भरपूर मोकळी जागा होती. दोन शब्द लिहायला किती वेळ लागला असता? तिनं बोटं मोजायची थांबवली आणि लेकराला माझ्यासमोर आडवं धरलं.

एवढ्याशा हाताची शीर सापडायला मला दोनदा सुई मारावी लागली. पोरगं किंचाळलं, आई नाही रडली. तिनं फक्त एकदा विचारलं, "पुरंल ना एवढं?" मी पुरेल म्हणालो. बर्फ आणला, थर्मास भरला, दुपारच्या एसटीच्या कंडक्टरकडं दिला आणि परत येऊन पुढच्याच्या बोटाला सुई टोचली. त्या दिवशी मी माझं काम चोख केलं अशीच माझी समजूत होती. रक्त नासलं नाही, गरम झालं नाही, वेळेत पोचलं.

बाराव्या दिवशी रिपोर्ट आला. ए.एफ.पी.समोर दोन अंकी आकडा, आणि त्याच्यापुढं छापलेली एक चांदणी. खाली बारीक अक्षरात, नॉर्मल दहाच्या आत. चांदणी म्हणजे वाढलेलं. खरं सांगतो, मला ती चांदणी बघून आनंद झाला. वाईट वाटायला पाहिजे होतं, पण आधी आनंद झाला. औंढ्याच्या खोलीतून गेलेल्या रक्तात एवढी मोठी गोष्ट सापडली याचा. मी कांडीवाल्या चाचांनाही सांगितलं. माझ्यासारख्या माणसाला मोठेपणा किती स्वस्तात मिळतो ते बघा.

ती आली तेव्हा मी तिला म्हणालो, "वाढलंय, बाई. उशीर करू नका. आजच नांदेड गाठा."

तिनं रिपोर्ट हातात घेतला. वाचता येत नव्हतं तिला. चांदणीवर बोट ठेवून विचारलं, "हे व्हय?"

"हेच."

तिनं कागदाची घडी केली, पोलक्यात ठेवली आणि सरळ स्टँडकडं चालू लागली. नांदेडच्या सर्जननं म्हटल्याप्रमाणं केलं. चांदणी होती, म्हणून गाठ आणि गोटी दोन्ही काढलं. काढलेलं तपासायला गेलं आणि त्याचा अहवाल महिन्याभरानं आला, गाठ साधी आहे, कॅन्सरची नाही. सर्जन म्हणाला, चांगलं झालं, वेळेत निघालं. बाई म्हणाली, चांगलं झालं. मीही म्हणालो, चांगलं झालं. गाठ साधी होती तर आकडा का वाढला होता, हा प्रश्न आम्हा तिघांत पडायला हवा होता तो मला. कारण तिला वाचता येत नव्हतं आणि सर्जनला वेळ नव्हता.

पुढं खात्रीसाठी पुन्हा दोनदा रक्त पाठवलं. दोन महिन्यांनी आकडा बराच खाली आला. लेकरू वर्षाचं झालं तेव्हा अगदी दहाच्या आत. मी तिला दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवले. "बघा, ऑपरेशननं कसा उतरला." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं माझ्या टेबलावर एक स्टीलचा डबा ठेवला, घरच्या शेवयांचा. तो दिवस तेरा एप्रिलचा होता.

तेव्हापासून दरवर्षी तेरा एप्रिलला ती यायची. दुसऱ्या दिवशीच्या जयंतीसाठी पोराला पांढरे कपडे घ्यायला औंढ्याला यायचं आणि जाताना माझ्याकडं. उन्हाळ्यात केलेल्या ताज्या शेवया, कधी कुरडया. गेल्या वर्षीचा रिकामा डबा परत घ्यायचा, भरलेला ठेवायचा. पोराला पुढं ढकलायचं, "मामाच्या पाया पड. ह्यांनी तुझा आजार पकडला." मग मला सांगायची, "भाऊ, आज पाच पूर्ण झाले." "आज सात पूर्ण झाले." वर्ष चुकलं नाही, दिवस चुकला नाही. जे मी ऐकून घेतलं नव्हतं ते ती दरवर्षी माझ्यासमोर उभी राहून सांगायची, आणि मी शेवयांचा वास घेत मान डोलवायचो.

मला ते आवडायचं. लाईनीतली माणसं बघायची, मी जरा ताठ बसायचो. एका वर्षी तिनं हसत हसत सांगितलं, "हे पोरगं विहिरीवर पोहायला जाईना झालंय. पोरं कपडे काढतेत, ह्याला लाज येती." पोरगं तिच्या पदराआड गेलं. मी त्याला गोळी दिली आणि म्हणालो, "लाजायचं काय त्यात, एक असलं तरी गडी तो गडीच." केवढा शहाणा होतो मी.

हिंगोली जिल्हा झाला त्याच सुमाराची गोष्ट. मुंबईच्या लॅबनं आम्हा गावोगावच्या लोकांना एक नवा छापील तक्ता पाठवला. कोणत्या तपासणीत कोणत्या वयाला किती आकडा चालतो त्याचा. मी तो भिंतीला चिकटवायला घेतला आणि चिकटवता चिकटवता वाचत होतो. ए.एफ.पी.च्या समोर एक ओळ नव्हती. सात-आठ ओळी होत्या. जन्मतः एवढा. महिन्याचं लेकरू एवढा. दोन महिने, तीन महिने, चार महिने. खाली टीप होती की पोटातलं प्रत्येक बाळ हे द्रव्य तयार करतं, जन्मल्यावर ते रक्तातून हळूहळू उतरत जातं आणि वर्ष भरता भरता मोठ्या माणसाइतकं होतं. म्हणून वय महिन्यांत लिहा. 'महिन्यांत' या शब्दाखाली रेघ होती.

चार महिन्यांच्या ओळीतला आकडा मी पाहिला. त्या लेकराचा आकडा मला पाठ होता, माझ्या लॅबची ती पहिली चांदणी होती. तो त्या ओळीत आरामात बसत होता. निरोगी लेकराचा आकडा. चांदणी लागली ती मी लिहिलेल्या '१'ला लागली होती.

हातातला गोंद वाळून गेला तरी मी उभाच होतो. तो नंतर उतरलेला आकडा, जो मी तिला एवढ्या फुशारकीनं दाखवला, तो ऑपरेशननं उतरलाच नव्हता. तो सगळ्याच लेकरांचा उतरतो. दूध पिऊन, पालथं पडून, रांगून उतरतो.

दुसऱ्या दिवशी मी लॅब बंद ठेवून नांदेडला गेलो. सर्जन आता मोठा झाला होता, त्याच्या दवाखान्याला मजले चढले होते. मी त्याला सगळं सांगितलं आणि मग माझा स्वभाव आडवा आला. म्हणालो, "लेकरू तुमच्या टेबलावर होतं, साहेब. चार महिन्यांचं आहे हे तुम्हाला दिसत नव्हतं का?"

तो चिडला नाही. "दिसत होतं," तो म्हणाला. "मी चांदणी बघितली. ती कोणत्या वयाला लागली ते बघितलं नाही. वय लिहायचं काम तुमचं होतं आणि तुम्ही लिहिलं असणार, असं धरलं." मग म्हणाला, "कदाचित तेव्हा मी तसंही पूर्णच काढलं असतं. आता कोण सांगणार? पोरगं ठणठणीत आहे ना? एकावर माणसाचं काही अडत नाही. जाऊ द्या."

परतीच्या एसटीत मी 'कदाचित' हा शब्द उराशी धरून बसलो. औंढा येईपर्यंत त्यात काही उरलं नाही. कारण त्यानं काय म्हटलं होतं ते मला बाईनं स्वतः सांगितलं होतं. आकडा बरा आला तर गोटी वाचवीन.

मी ठरवलं, येत्या तेरा एप्रिलला सांगायचं. ती आली. डबा ठेवला. म्हणाली, "भाऊ, आज नऊ पूर्ण झाले." मी म्हणालो, "बसा, चहा घ्या." चहा आला, चहा पिऊन झाला, ती गेली. पुढच्या वर्षी पोराच्या शाळेचं काहीतरी निघालं, मी म्हटलं आज नको. त्याच्या पुढच्या वर्षी तिचा नवरा माळ्यावरून पडून कमरेत अधू झालेला, मी म्हटलं एवढ्या दुःखात आणखी कशाला. कारण दरवर्षी मिळत गेलं. ज्या माणसाला समोरच्याचं एक वाक्य पुरं ऐकायचा धीर नव्हता त्याला गप्प बसायला मात्र वाटेल तेवढा धीर होता. शेवया मी खाणं सोडलं. बायकोला सांगितलं, पोटाला बाधतात.

रजिस्टर मात्र बदललं. नवीन छापून घेतलं, वयाला तीन रकाने, वर्षं, महिने, दिवस. लेकरू आलं की मी आईला बसवून घ्यायचो. कोणता सण होता, पोळ्याच्या आधी की नंतर, पाऊस होता का, सुईण कोण होती. लोक कंटाळायचे. बांगड्यावाला म्हणायचा, "ह्याच्याकडं रक्त द्यायला जाऊ नका, जन्मपत्रिका मागतो." मी त्याच्यावरही ओरडायचो. बाया मोजायला लागल्या की मी गप्प बसायचो, त्यांची बोटं पूर्ण मोजून होईस्तोवर. शंभर लेकरांची वयं बरोबर लिहिली म्हणून एकाचं चुकलेलं पुसलं जात नाही, एवढं मला कळत होतं.

दोन हजार नऊचा पावसाळा. त्या वर्षीचा एप्रिल होऊन गेला होता, डबा येऊन गेला होता. त्यामुळं भादव्याच्या दिवसांत दारात दोघांना बघून मला नवल वाटलं. पोरगं आता माझ्याहून वीतभर उंच, केस बारीक कापलेले. दोन वर्षं तो भरतीसाठी पळत होता, रोज सकाळी शिरड शहापूरच्या रस्त्यावर, हे मला त्याच्या आईनं सांगितलेलं. तिच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती, सगळे जुने कागद एकावर एक जपून ठेवलेले.

"भाऊ, पोरगं पळण्यात पहिलं आलं," ती म्हणाली. "छाती भरली, उंची भरली. आन् मेडिकलात बाद केलं."

पोरगं खाली मान घालून उभं होतं. मी म्हणालो, "बस रे." तो बसला आणि मग बोलला. भरतीच्या डॉक्टरांनी तपासताना विचारलं होतं, दुसरी गोटी कुठं गेली. त्यानं लहानपणापासून ऐकलं तेच सांगितलं, कॅन्सर होता, वेळेत काढला. कागद मागवले. कागदांत माझा चांदणीवाला रिपोर्ट वर होता. तो बघून बाद केलं. नंतर त्यानं सगळे कागद स्वतः वाचले. बारावी सायन्स झालेलं पोरगं ते. हिंगोलीला नेटकॅफेत बसून एकेक शब्द बघितला.

"मामा, गाठीच्या अहवालात लिहिलंय की कॅन्सर नव्हता," तो म्हणाला. "मग आकडा काहून वाढला होता? आन् गाठ साधी होती तर समदंच काहून काढलं?"

आई त्याला दटावू लागली. "मामाला उलटं बोलू नको. त्यांनी तुला वाचवलं."

मी म्हणालो, "ताई, त्याला बोलू द्या. मी नाही वाचवलं."

उठलो. कपाटावर जुनी रजिस्टरं होती, धुळीनं माखलेली. एक्याण्णवचं काढलं. पान शोधायला लागलं नाही, कित्येकदा उघडून ते आपोआप तिथंच उघडत होतं. रजिस्टर पोरापुढं ठेवलं आणि भिंतीवरचा पिवळा पडलेला तक्ता उपटून त्याच्या शेजारी ठेवला. त्यानं रजिस्टर वाचलं, तक्ता वाचला, पुन्हा रजिस्टर वाचलं. हुशार पोरगं. मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"इथं एक वर्ष लिहिलंय," तो म्हणाला. "मी तेव्हा चार महिन्यांचा होतो."

"हो. मी लिहिलं ते. चुकीचं लिहिलं. बरोबर लिहिलं असतं तर तो आकडा वाढीव नव्हता. बहुतेक गाठ तेवढी निघाली असती."

"तुमाला कधी कळलं?"

"तुला नववं वर्ष चालू होतं."

त्याची आई आमच्या दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघत होती. पोरानं तिला तिच्या भाषेत सांगितलं, सावकाश, एकेक गोष्ट. ती ऐकत होती. मला वाटलं ती रडेल, मला शिव्या देईल, पिशवी माझ्या तोंडावर मारेल. मी त्यासाठी बसून होतो. मला ते हवंही होतं.

ती म्हणाली, "मी सांगितलं होतं."

"व्हय," मी म्हणालो. "तुम्ही बरोबर सांगितलं होतं."

"जयंतीच्या आदल्या दिशी झालं, सांगितलं होतं. चार महिने सरले, सांगितलं होतं. मला वाटलं, माझं मोजताना चुकलं असंल. तुमी शिकलेले. तुमाला घाई बी होती त्या दिशी."

मी म्हणालो, "ताई, माझी चूक झाली. आणि कळल्यावरही मी दहा वर्षं तुमच्या शेवया घेतल्या." पोरगं खिडकीबाहेर बघत होतं.

तिनं पिशवीतले कागद नीट लावले. मग रजिस्टर स्वतःकडं ओढलं. वाचता येत नसलेल्या त्या पानावर बोट फिरवत तिनं पोराला विचारलं, "कुठं हाय रे ते?" पोरानं तिचं बोट धरून रकान्यावर ठेवलं. त्या बोटाखाली तो सगळा रकाना झाकून गेला.

"आता तरी बराबर लिवा," ती मला म्हणाली.

मी पेन घेतलं. '१' खोडला. शेजारी जागा नव्हती, म्हणून ओळीच्या वर, बारीक अक्षरात लिहिलं, चार महिने. ती बघत होती. मी पेन खाली ठेवू लागलो तशी म्हणाली, "आन् वर सा दिस." मी सहा दिवस लिहिलं.

तिनं पोराकडं पाहिलं. "बराबर लिवलं का?"

पोरानं वाकून वाचलं. "व्हय," तो म्हणाला.

मग ती उठली. एप्रिलमध्ये आणलेला डबा फळीवर होता, भरलेलाच, तो तिनं उचलून पिशवीत घातला आणि दोघं स्टँडच्या दिशेनं चालू लागले.